बारा रिकामी घरे

वर्षभर या सदरात मी शब्दांच्या गोष्टी सांगत असते. कुठला शब्द कुठून आला, कुणाच्या घरी राहिला, कुठे त्याचे पाय घसरले, एवढाच माझा प्रपंच. दिवाळी अंकासाठी मात्र संपादकांचा निरोप आला, "बाई, या खेपेला जरा घरातले काहीतरी लिहा." घरातले म्हणजे चकलीचे, असा त्यांचा समज असावा. पण गेल्या दिवाळीत आमच्या घरी चकल्या विकतच्या होत्या, कारण मी एका यंत्राच्या पोटात हात घालून बसले होते. मराठीच्या प्राध्यापिकेने यंत्राविषयी लिहिलेले पाहून आमच्या कॉलेजातली भौतिकशास्त्राची मंडळी हसतील. हसू देत. या गोष्टीत यंत्र आहे तेवढाच माझा भाऊही आहे, आणि भावाविषयी लिहायला कुठल्याही विभागाची परवानगी लागत नाही.

यंत्राचे नाव झेडएक्स स्पेक्ट्रम. इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर नावाच्या एका धडपड्या गृहस्थाने २३ एप्रिल १९८२ रोजी ते लोकांपुढे आणले. घरात वापरायचा संगणक, आणि आकार म्हणाल तर एखाद्या वहीएवढा. काळा देह, कोपऱ्यात चार रंगांची तिरकी पट्टी, आणि रबराच्या चाळीस करड्या कळा. दाबल्या की खोडरबर दाबल्यासारखे वाटे. त्याला स्वतःचा पडदा नव्हता. घरातला टीव्ही हाच त्याचा पडदा, आणि घरातला टेपरेकॉर्डर हीच त्याची वही. ते दोन प्रकारांत मिळे. १६ 'के' मेमरीचा स्वस्त, १२५ पौंडांचा. ४८ 'के'चा महाग, १७५ पौंडांचा. आमचा मामा तेव्हा बर्मिंगहॅमला नोकरीला होता. १९८४ साली तो सुट्टीवर आला तेव्हा त्याने दादासाठी यातला स्वस्त प्रकार आणला. मामा झाला तरी त्याचाही पगार मोजूनमापूनच होता. पुढे पुण्यातल्याच एका कंपनीने हेच यंत्र 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने इथे विकायला काढले. पण त्याआधी दोनतीन वर्षे आमच्या ठाण्याच्या आळीत तसले यंत्र फक्त आमच्याकडे होते, आणि दादाचा भाव त्यामुळे फार वधारला होता.

यंत्र विलायती वाहिनीवर चित्र पाठवी आणि आमच्या टीव्हीला ती वाहिनी समजत नसे. आळीतल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याने एक तार इकडची तिकडे करून दोघांची गाठ घालून दिली. त्या दिवसापासून रविवारचा सिनेमा सोडून बाकी सगळा वेळ टीव्ही दादाचा झाला.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. १९८६ साली तो दहावीत आणि मी पहिलीत. तोवर त्याला सोळाचा कोट अंगात बसेनासा झाला होता. सोळा 'के' म्हणजे १६,३८४ घरे, एकेका घरात एकेक बारीकसे अक्षर किंवा आकडा. त्यातली ६,९१२ घरे नुसते पडद्यावरचे चित्र सांभाळण्यात जात. यंत्राच्या स्वतःच्या नोंदी आणखी थोडी खात. उरत जेमतेम नऊ हजार. दादाच्या मनात तर चार चित्रे एकापाठोपाठ एक दाखवायची होती. चार चित्रांना २७,६४८ घरे हवीत. मग मामाला पत्र गेले, आणि त्या वर्षी गणपतीत कुणा येणाऱ्याबरोबर मामाने बत्तीस 'के'चा एक जोड पाठवला. काळी, आगपेटीहून थोडी मोठी डबी. यंत्राच्या पाठीमागच्या फटीत ती खोचायची, की सोळाचे अठ्ठेचाळीस होत.

दिवाळीच्या आधीचा महिनाभर दादा चौकटीच्या वहीत ठिपके भरत बसे. काय करतोस म्हणून विचारले तर म्हणे, "भाऊबीजेला कळेल. या वर्षीची ओवाळणी माझी मी देणार, बाबांकडून पैसे घेऊन नाही."

नरकचतुर्दशीची सकाळ. अंघोळी आटोपल्या होत्या, फराळ चालला होता. दादा यंत्रापुढे होता, तेवढ्यात खालून मित्रांची हाक आली म्हणून फटाके घेऊन पळाला. मी भातुकली मांडून बसले होते. बाहुलीच्या घरात सगळे होते, कपाट तेवढे नव्हते. यंत्राच्या पाठीला चिकटलेली ती काळी डबी मला हुबेहूब कपाटासारखी दिसली. मी ती हलवली आणि ओढली.

पडद्यावर रंगीबेरंगी चौकोनांचा सडा पडला, आतून बारीकसा 'टक्' असा आवाज आला आणि यंत्र गप्प झाले. मी डबी पुन्हा होती तिथे खोचली आणि भातुकलीपाशी येऊन बसले. सहा वर्षांच्या मुलीला जेवढे निष्पाप दिसता येते तेवढी मी दिसत असणार. दादा वर आला. त्याने यंत्र बंद केले, चालू केले, पुन्हा बंद केले. संध्याकाळी बाबांनी विचारले, "कुणी केले हे?" दादा म्हणाला, "माझ्याकडून झाले." मी दाराआड करंजी हातात घेऊन उभी होते. ती मी खाल्ली नाही आणि बोललेही नाही.

बाबा रागावणारे नव्हते, पण शिस्तीचे होते. "दहावी होईपर्यंत हे माळ्यावर," एवढेच ते म्हणाले. दहावी झाली, माळ्यावरून कुणी काही काढले नाही. दादा कॉमर्सला गेला, बँकेत लागला, बदल्या घेत घेत नाशिकला स्थिरावला. मी मराठी घेऊन एम.ए. झाले. आणि दर भाऊबीजेला त्याला ओवाळताना माझ्या मनात एकच वाक्य येई, की या माणसाचा इंजिनिअर होता होता राहिला, आणि तो मी राहवला. सांगायचे ठरवून अनेक दिवाळ्या गेल्या. तबकातले निरांजन विझायच्या आत बोलायचे असते. ते जमत नसे.

२०२४ च्या उन्हाळ्यात आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली. बाबा जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. माळा रिकामा करताना तांब्याच्या घंगाळाखाली बिस्किटांचा एक जुना डबा निघाला. आत यंत्र, ती डबी आणि एक कॅसेट. कॅसेटीवर दादाच्या पंधराव्या वर्षीच्या अक्षरात लिहिलेले: 'दिवाळी, ४८ के'.

माझ्या मुलाने ते पाहिले आणि म्हणाला, "आई, याचा एम्युलेटर फुकट मिळतो. टेपचा आवाज माझ्या लॅपटॉपला दे, पाच मिनिटांत दिसेल काय आहे ते." तो चुकीचे बोलत नव्हता. या जुन्या यंत्राचे सोंग आजचा कुठलाही संगणक बेमालूम घेतो. पण मी लॅपटॉप मोडला नव्हता. मी मोडले होते ते हे यंत्र, आणि चालायला हवे होते तेही हेच.

आमच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत तीस वर्षे सहायक असलेले एक गृहस्थ आहेत. आता निवृत्त आहेत. सगळे कॉलेज त्यांना नाना म्हणते. त्यांच्याकडे डबा घेऊन गेले. त्यांनी पाच स्क्रू काढून झाकण उचलले, आतल्या पाटीवर भिंग धरले आणि डॉक्टरांनी विचारावे तसे विचारले, "चालू असताना मागून काही ओढले होते का?"

अडतीस वर्षांनंतर हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला. मी म्हटले, "हो. मी ओढले होते."

"मग बरोबर," नाना म्हणाले. त्यांच्या लेखी विषय तिथेच संपला.

त्यांनी सांगितले ते असे. पाठीमागच्या फटीत पाटीची कडा उघडीच असते, आणि तिच्यावर विजेचे वेगवेगळे दाब वाहणाऱ्या पट्ट्या शेजारीशेजारी असतात. चालू यंत्राचा जोड हलवला की दोन शेजारणी एकमेकींना शिवतात. या यंत्राच्या मूळच्या सोळा 'के'ला आठ चिपा आहेत आणि त्या मोठ्या खाष्ट. त्यांना पाच व्होल्ट, बारा व्होल्ट आणि उणे पाच व्होल्ट असे तीन दाब एकाच वेळी लागतात. ते तयार करणारा एक ट्रान्झिस्टर आत गुंडाळीपाशी बसलेला असतो. पहिला बळी त्याचा जातो. उणे पाच बंद पडले की पाठोपाठ एकदोन चिपाही जातात. नानांनी ट्रान्झिस्टर बदलला, दोन मेलेल्या चिपा बदलल्या, वाळलेले कपॅसिटर काढून नवे बसवले, कळफलकाची तडकलेली पातळ पट्टी बदलली. यंत्राला वीज देतानाही त्यांनी मला बजावले, की घरातला कुठलाही नऊ व्होल्टचा अडॅप्टर याला लावायचा नाही. बहुतेक अडॅप्टरांच्या पिनेत आतली बाजू धन असते, याच्यात ती ऋण. उलटे लावले तर पुन्हा माळा.

यंत्र उठले. पडद्यावर '१९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड' अशी एक ओळ उमटली. मला काय वाटले ते लिहीत नाही.

पण हे सोळाचेच होते. मामाच्या डबीत नानांनी तपासून पाहिले, तिच्यात जीव नव्हता. मग त्यांनी पाटीवर बोट ठेवले. "हे बघा, बाई. ही बारा घरे रिकामी आहेत."

खरेच होती. कंपनीने सोळाची आणि अठ्ठेचाळीसची पाटी एकच केली होती. स्वस्त यंत्रात फक्त बारा चिपांची घरे मोकळी सोडली होती. दादाला हवी असलेली जागा पहिल्यापासून आतच होती. बाहेरून डबी खोचायची गरजच नव्हती. वर्षानुवर्षे भाड्याने खोली शोधणाऱ्याला आपल्याच घराला माडी आहे हे कळावे, तसे मला झाले.

या बारांपैकी आठ चिपा मेमरीच्या; उरलेल्या चार त्यांच्या दिमतीला. मेमरीच्या आठ चिपांची कथा मला इतकी आवडली की वर्गात सुद्धा सांगून झाली. त्या काळी चौसष्ट 'के'च्या चिपा नुकत्याच येऊ लागल्या होत्या. त्या करताना पुष्कळदा अर्धा भाग उत्तम उतरे आणि दुसऱ्या अर्ध्यात कुठेतरी दोनचार घरे बाद निघत. अशी चिप चौसष्टची म्हणून विकता येत नाही. मग कारखानदार तिला बत्तीसची म्हणून स्वस्तात विकत, आणि कुठला अर्धा चांगला आहे त्याची खूण तिच्या पाठीवर छापत. सिंक्लेअरसाहेबांनी नेमका हा माल उचलला. किंमत खाली ठेवायची तर पुरे चांगले कुणी परवडत नाही. अर्धे चांगले घ्यावे आणि चांगल्या बाजूनेच व्यवहार करावा. संसार करणाऱ्याला यात नवे काही वाटणार नाही.

हा व्यवहार कसा करतात तेही सांगते. चिपेला घराचा पत्ता एकदम सांगत नाहीत, दोन तुकड्यांत सांगतात. आधी मजला, मग खोली. पत्ता तोडून पाठवण्याचे काम दिमतीच्या चारांपैकी दोन चिपा करतात. चौसष्टच्या चाळीला दोन जिने आहेत असे समजा. त्यातला एक जिना कायमचा बंद ठेवला की अर्धी चाळ नसल्यासारखीच होते. कुठला जिना बंद ठेवायचा ते पाटीवरचा तारेचा एक लहानसा तुकडा ठरवतो. तो एकीकडे जोडला की चाळीचा हा अर्धा जागा, दुसरीकडे जोडला की तो. मात्र तार एकच असल्यामुळे आठही चिपा एकाच बाजूने चांगल्या असाव्या लागतात. सात डाव्या आणि एक उजवी असे चालत नाही. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, मी विसरले होते.

नाना म्हणाले, "हल्ली पुऱ्या चौसष्टच्या चांगल्या चिपा घालतात. मग डाव्याउजव्याची कटकट नाही." पण मी प्राध्यापक पडले. मूळ संहितेत पाठभेद शिरवायला माझे मन होईना. म्हणून तशाच अर्ध्या चिपा आम्ही इंग्लंडातून मागवल्या. जुन्या यंत्रांच्या शौकिनांसाठी असला माल जपून ठेवणारे विक्रेते तिथे आहेत. आठ हव्या होत्या, नानांच्या सांगण्यावरून दहा घेतल्या. दिमतीच्या चार चिपा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळाल्या.

चिपा मी स्वतः बसवल्या. तशी अटच घातली होती मी नानांना. प्रत्येक चिपेच्या एका टोकाला चंद्रकोरीसारखी खाच असते. ती पाटीवरच्या खुणेशी जुळवून मगच दाबायची. उलटी बसली आणि वीज दिली तर चिप गेली. शिवाय अंगावरची वीज उतरवण्यासाठी आधी जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावायचा, आणि साडीऐवजी सुती पंजाबी ड्रेस घालायचा, ही नानांची आज्ञा. सोळासोळा पायांच्या आठ चिपा, म्हणजे एकशे अठ्ठावीस पाय, एकही न वाकवता घरात उतरवायचे. सुईत दोरा ओवायलाही ज्या बाईला चष्मा पुसावा लागतो तिने हे केले.

मग तारेचा तुकडा. डाख द्यायची कांडी नानांनी माझ्या हातात दिली आणि खुर्ची जरा मागे घेतली. मी कागदावर लिहून घेतलेली बाजू पाहिली आणि तार जोडली.

हे यंत्र सुरू झाल्याबरोबर सगळ्यात आधी आपली मेमरी स्वतः तपासते. प्रत्येक घरात दोनचा आकडा ठेवते, मग एकेका घरात जाऊन तो एकेकाने कमी करत शून्यावर येतो का पाहते. जिथे पहिले घर चुकेल तिथे कुंपण घालते आणि त्यापुढची जागा आपली नव्हेच असे मानून कामाला लागते. ते कुंपण कुठे पडले हे २३७३२ आणि २३७३३ या दोन घरांत ते लिहून ठेवते. आपण 'प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३' असे विचारायचे. सोळाचे यंत्र ३२७६७ सांगते, अठ्ठेचाळीसचे ६५५३५. हे शब्द अक्षर अक्षर लिहावे लागत नाहीत. 'पी'ची एक कळ दाबली की अख्खे 'प्रिंट' उमटते. पाणिनीला हा कळफलक आवडला असता.

मी विचारले. उत्तर आले ३३०२४.

"जिना चुकला," नाना म्हणाले. मी कागद पुन्हा पाहिला. माझेच अक्षर मला उलटे लागले होते. वर्गात मुलांना हस्ताक्षराविषयी किती बोलते मी! तार उचकटली आणि दुसरीकडे जोडली. उत्तर आले ५२७३५.

हा आकडा मला तापदायक वाटला. पूर्ण अपयश परवडते, पाऊण यश झोप उडवते. रात्री दहा वाजता नाना म्हणाले, "आता उद्या." उद्या म्हणजे वसुबारस. घरात आकाशकंदील लावायचा राहिला होता, आईची औषधे आणायची राहिली होती. त्या रात्री मी भिंग घेऊन आठही चिपांच्या पाठी वाचत बसले. सात चिपांवर एक खूण होती, आणि खिडकीकडून तिसऱ्या चिपेवर दुसरी. विक्रेत्याच्या पुडीत एक उजवी मिसळली होती, आणि ती न वाचता बसवली होती ती मी. राखीव दोनांपैकी एकीवर हवी ती खूण निघाली. पहाटे उठून, वीज बंद करून, पाटी गार आहे ना ते पाहून, चिप बदलली.

यंत्र चालू केले. पडदा काळा झाला तो काळाच. आधी जी ओळ चटकन उमटे ती येईना. नानांना फोन लावला. ते म्हणाले, "घाबरू नका. पूर्वी सोळा घरे मोजत होते, आता अठ्ठेचाळीस मोजते आहे. वेळ लागणारच." त्यांचे वाक्य संपायच्या आत ओळ उमटली. मी विचारले. ६५५३५.

मी आईला जाऊन सांगितले, "पासष्ट हजार पाचशे पस्तीस!" आई म्हणाली, "एवढा बोनस दिला तुला कॉलेजने?"

कॅसेट मात्र मी चालवली नाही. नानांनी तिची एक नक्कल आधीच संगणकावर उतरवून ठेवली होती, टेप तुटलीच तर असावी म्हणून. पण आत काय आहे ते दादाच्या समोरच पाहायचे, असे मी ठरवले होते.

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज. दादा आणि वहिनी नाशिकहून आले. टेबलावर यंत्र पाहून दादा दारातच थांबला. काही बोलला नाही. पुढे होऊन रबराच्या कळांवरून नुसता हात फिरवला. ओवाळून झाले. निरांजन तबकात तेवत होते, आणि या वेळी मी ते विझायच्या आत बोलले.

"दादा, शहाऐंशी साली ती डबी मी ओढली होती. यंत्र मी घालवले."

"ठाऊक आहे," दादा म्हणाला.

"कसे?"

"डबी उलटी खोचायला गेली होतीस. अर्धीच आत गेली होती. आणि तुझ्या बाहुलीची फणी टेबलावर राहिली होती."

"मग बाबांना का नाही सांगितलेस?"

"सांगितले की, माझ्याकडून झाले म्हणून. खोटे नव्हते ते. यंत्र चालू ठेवून फटाके उडवायला कोण गेले होते? मामाने डबीच्या कागदावर तांबड्या शाईने लिहून पाठवले होते, चालू असताना एकटे सोडू नये, घरात लहान मूल आहे. ते मी वाचले होते. कित्येक वर्षे मला वाटे, तुला शॉक बसला असता तर?"

मी गप्प झाले. मग माझे राहिलेले अर्धे बोलून टाकले, की माझ्यामुळे तू इंजिनिअर झाला नाहीस.

दादा एवढा हसला की वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "अगं, मला गणितात किती मार्क होते ते आईला विचार. ते काही यंत्राने खाल्ले नव्हते. आणि बँकेत मी सुखात आहे."

एकाच सकाळची आठवण आम्ही दोघांनी अडतीस वर्षे सांभाळली होती. माझ्याकडे तिचा एक अर्धा होता, त्याच्याकडे दुसरा. दोघांनीही नेमका बाद निघालेला अर्धाच जिना उघडून ठेवला होता.

मग कॅसेट लावली. पडद्याच्या कडेला तांबडे-निळे जाड पट्टे धावू लागले, ती कर्कश शीळ घुमली, आईने "तीच ती कटकट" म्हणून कान झाकले, आणि पाठोपाठ पिवळ्या-निळ्या बारीक रेघा. मिनिटभराने सगळे थांबले: 'आर टेप लोडिंग एरर'. दादाने बारीक पेचकस मागितला. टेपच्या डोक्याशेजारी एक लहान स्क्रू असतो. तो कानाने ऐकत केसभर फिरवायचा, आवाज स्वच्छ झाला की थांबायचे. हे त्याला आठवत होते. त्याच्या हातांना आठवत होते म्हणणे अधिक बरोबर. दुसऱ्या वेळी तीनएक मिनिटे रेघा धावत राहिल्या आणि कुठे अडखळल्या नाहीत.

पहिले चित्र आकाशकंदिलाचे. दुसरे मातीच्या किल्ल्याचे, बुरुजावर एक मावळा, उंचीने बुरुजाएवढा. तिसरे पणत्यांच्या रांगेचे. चौथ्यात पाट, पाटाभोवती रांगोळी, पाटावर एक मुलगा आणि तबक धरलेली दोन वेण्यांची मुलगी. मुलीच्या पायाशी बाहुली होती. मग चित्र पुसले गेले आणि ठिपक्याठिपक्यांच्या ओबडधोबड देवनागरीत एक ओळ उमटली: 'चीमी, तुझी ओवाळणी'.

या यंत्राला देवनागरी येत नाही. ते आपल्याला फक्त एकवीस अक्षरे हवी तशी काढू देते, आठ ठिपके रुंद, आठ ठिपके उंच, आणि ती मेमरीच्या अगदी शेवटच्या १६८ घरांत ठेवते, ६५३६८ पासून ६५५३५ पर्यंत. दादाने टेपवरून ती थेट तिथेच उतरण्याची सोय केली होती. पाऊण यशावर मी थांबले असते, तर चित्रे कदाचित दिसली असती. ही ओळ दिसली नसती.

घरात मला चिमी म्हणतात, पहिली वेलांटी ऱ्हस्व. माझे ओठ सवयीने हलले असावेत, कारण दादाच म्हणाला, "माहीत आहे, चुकले आहे. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते, तिला वेगळे घर लागते. माझी एकवीस घरे संपली होती."

वीस वर्षे मी शुद्धलेखनाच्या वह्या तपासते आहे. ही एक चूक मी दुरुस्त केली नाही. यंत्र आता दिवाणखान्यात काचेच्या कपाटात आहे. यंदाच्या भाऊबीजेला ते पुन्हा बाहेर निघेल. ओळ तशीच उमटेल. दादाने फोनवर विचारले आहे की सगळे नीट आहे ना. मी सांगितले, मोजून पाहिले आहे, शेवटच्या घरापर्यंत.